पळायला आणि जिमला सिनेमातली गाणी : यादी लावायची कशी?

पायवाट

नमस्कार मंडळी,

आठवड्याचा बेत असा आहे : तीन दिवस पळणे (दोनदा ५-६ किमी, रविवारी १० किमी), दोन दिवस जिम, एक दिवस सूर्यनमस्कार. मोबाइलवर ४० आवडती गाणी आहेत, जवळजवळ सगळी सिनेमातली, आणि ती शफलवर लागतात.

अडचणी तीन. पहिल्याच किलोमीटरला जोशाचे गाणे लागले की वेग वाढतो आणि चौथ्याला धाप लागते. जिममध्ये नेमके जड सेटच्या वेळी गाण्याचा संथ भाग येतो. आणि महिन्याभरात तीच गाणी बेचव होतात, अंगात काही संचारत नाही.

गाण्यांची नावे नकोत, ती भरपूर आहेत. ती लावायची कशी, हे जाणकारांनी सांगावे.

---

ठेकेदार

आधी पावले मोजा, गाणी नंतर.

नेहमीच्या सावकाश वेगाने पळताना उजवा पाय ३० सेकंदांत किती वेळा जमिनीला टेकतो ते मोजायचे आणि त्याला ४ ने गुणायचे. ४१ वेळा टेकला तर मिनिटाला १६४ पावले. हौशी धावणाऱ्यांचा आकडा साधारण १५५ ते १७५ मध्ये असतो. एकदा मोजून थांबू नका. वेगवेगळ्या दिवशी तीनदा मोजा, त्यातले एक माप पळण्याच्या शेवटी घ्या.

आता गाणे. ठेक्यावर १५ सेकंद टाळ्या द्या, त्या मोजा, ४ ने गुणा. हा त्याचा बीपीएम, म्हणजे मिनिटाला पडणारे ठोके. तुमची पावले १६४ असतील तर १६४ चे गाणे चालेल आणि ८२ चेही चालेल, कारण ८२ च्या गाण्यात एका ठोक्याला दोन पावले बसतात. ठोके मोजणारी अ‍ॅप्स एकाच गाण्याला एकदा ८५ दाखवतात आणि एकदा १७०, त्याने गोंधळू नका, दोन्ही एकच.

कोळीगीतांसारखी सहा मात्रांची गाणी मोजताना मात्र हमखास चूक होते. लोक प्रत्येक मात्रेला टाळी देतात आणि भलताच आकडा काढतात. दादऱ्याचे बोल मनात म्हणा : धा धी ना, धा ती ना. टाळी फक्त दोन्ही ‘धा’वर, पाऊलही तिथेच. एका आवर्तनाला डावे-उजवे अशी दोन पावले बसतात आणि चाल अगदी सरळ पडते.

आवडते गाणे आणि पळायला योग्य गाणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. १९८२ च्या ‘रॉकी ३’मधले ‘आय ऑफ द टायगर’ जगभरच्या पळण्याच्या याद्यांत असते, पण त्याचा बीपीएम आहे १०९. तो १६४ लाही बसत नाही आणि ८२ लाही. त्यावर पाय जुळवायला गेलात तर पावले अडखळतात. भराभर चालायला मात्र ते उत्तम. ‘चॅरियट्स ऑफ फायर’चे (१९८१) मुख्य संगीत तर सत्तरच्या आसपास आहे. पडद्यावर किनाऱ्यावरचे धावणे स्लो मोशनमध्ये आहे, म्हणून ते तिथे शोभते. तुमच्या यादीत त्याची जागा शेवटी, पळून झाल्यावर चालताना.

सिनेमातल्या गाण्याची दुसरी अडचण त्याच्या बांधणीत आहे. सुरुवातीला बिनतालाचा आलाप किंवा व्हायोलिनचा तुकडा, मग मुखडा, अंतऱ्याआधी वाद्यमेळ, आणि कधी शेवटच्या अंतऱ्यापूर्वी ठेका पूर्ण थांबतो. पडद्यावर ते हवेच असते, रस्त्यावर पाय हवेत राहतात. गाण्याची फाइल तुमच्याकडे असेल (विकत घेतलेली किंवा सीडीवरून उतरवलेली) तर ऑडॅसिटी या फुकट प्रोग्रॅममध्ये उघडा. ठेका सुरू होतो त्याच्या अर्धा सेकंद आधीपर्यंतचा भाग निवडून डिलीट करा, राहिलेल्या सुरुवातीला छोटा फेड इन द्या (आवाज शून्यातून चढत येईल) आणि वेगळ्या नावाने एक्सपोर्ट करा. त्यातच ‘चेंज टेम्पो’ने स्वर न बदलता लय बदलता येते. ५-६ टक्क्यांपर्यंतच बदला, म्हणजे १५६ चे १६४ होईल. त्यापुढे ढोलकी-तबल्याचे बोल फाटल्यासारखे, दुहेरी ऐकू येऊ लागतात. स्ट्रीमिंग अ‍ॅपमधून डाउनलोड केलेल्या गाण्यांवर हे करता येत नाही, तिथे मुळातच ठेक्यावर सुरू होणारी गाणी निवडा.

क्रॉसफेड (एक गाणे संपता संपताच त्यावर पुढचे सुरू करण्याची सोय) बंद ठेवा. स्पॉटिफायमध्ये तो १२ सेकंदांपर्यंत लांबवता येतो, पण तेवढा वेळ दोन ठेके एकमेकांवर आदळतात आणि पावले तुटतात.

आता क्रम. शफल कायमचा बंद. १० किमीला साधारण ७० मिनिटे लागत असतील तर पहिल्या १० मिनिटांची गाणी तुमच्या पावलांपेक्षा ४-५ ठोक्यांनी संथ ठेवा. पुढची ३५ मिनिटे बरोबर पावलांइतकी. अंगात संचारणारी गाणी ४५ व्या मिनिटानंतर, म्हणजे सातव्या किलोमीटरच्या आसपास. तुमची पहिली अडचण एवढ्यानेच सुटेल. ताज्या पायांना जोशाची गरज नसते, आवरण्याची असते.

लंडनच्या ब्रुनेल विद्यापीठाचे कॉस्टस कारागिऑर्गिस यांनी व्यायाम आणि संगीत या विषयावर अनेक वर्षे काम केले आहे. त्याचा आपल्यापुरता अर्थ असा : हलक्या आणि मध्यम श्रमात संगीताने श्रम कमी वाटतात. पूर्ण वाक्य बोलता येत नाही इतक्या जोरात पळू लागलात की श्वास आणि पाय यांचीच जाणीव मन व्यापते आणि गाण्याचा हा उपयोग ओसरतो, मूड तेवढा बरा राहतो. म्हणून ४०० मीटरच्या वेगवान फेऱ्यांना गाणी शोधत बसू नका. मात्र लय आणि वेग तंतोतंत जुळले तर वरच्या पातळीवरही फायदा होतो. इथिओपियाचा धावपटू हाइले गेब्रसेलासी याने फेब्रुवारी १९९८ मध्ये बर्मिंगहॅमला २००० मीटरचा इनडोअर विश्वविक्रम केला, तेव्हा स्टेडियममध्ये ‘स्कॅटमन’ हे पॉप गाणे वाजत होते आणि त्याची पावले त्या ठेक्यावर पडत होती.

---

जोर-बैठक

ठेकेदारांनी पळण्याचे सगळे सांगितले, जिमचे मी सांगतो. तिथे हिशेब उलटा आहे.

स्क्वॉट किंवा डेडलिफ्टचा पाच रेपचा सेट (म्हणजे वजन सलग पाचदा खाली-वर करणे) २० ते ३० सेकंदांत संपतो, पुढची विश्रांती २ ते ३ मिनिटांची. गाणे साडेचार मिनिटांचे. म्हणजे गाणे नुसते वाजू दिले तर त्याचा भरात येणारा भाग बहुतेक वेळा विश्रांतीतच वाया जाणार. उपाय साधा आहे. गाण्यातली ती जागा शोधा (समजा २ मिनिटे १० सेकंद), आणि बार घेण्याआधी ४५ सेकंद गाणे १:२५ पासून लावा. पट्टा आवळणे, हाताला खडू लावणे, पाय रोवणे एवढ्यात होते आणि बार उचलताना गाणे भरात असते. फाइल असेल तर तेवढाच दोन मिनिटांचा तुकडा कापून ठेवा.

प्रत्येक सेटला हे करू नका. वॉर्म-अपचे सेट शांत संगीतावर किंवा संगीताशिवाय, आणि जोशाचे गाणे दिवसातल्या सर्वांत जड एक-दोन सेटपुरते. पहिल्याच सेटला पेटलात तर शेवटच्याला उरत नाही.

ठेक्यावर वजन उचलू नका. खाली येताना ३ सेकंद, तळाशी क्षणभर थांबा, वर जोरात, असा रेप असेल तर १३० च्या गाण्यावर तो नकळत दीड सेकंदात उरकला जातो. स्क्वॉटमध्ये तळाशी आपटणे आणि बेंच प्रेसला बार छातीवरून उसळवणे, या दोन चुका यातूनच येतात. रेप मनात मोजायचा, गाणे मागे. सोबत गुणगुणायचेही नाही. जड वजनाला पोटात श्वास धरून कणा घट्ट ठेवावा लागतो, ओळ म्हटलीत की तो श्वास सुटतो.

आधाराला माणूस उभा असेल तर निदान एक कान मोकळा ठेवा. त्याची “सोड” किंवा “रॅक” (बार स्टँडवर ठेव) ही हाक ऐकू यायलाच हवी.

ठेक्यावर करायचेच असेल तर त्याला योग्य व्यायाम आहेत. रोइंग मशीनवर ९६ च्या गाण्यात दर चार ठोक्यांना एक वल्हे मारले की मिनिटाला २४ होतात, हा सावकाश रोइंगचा उत्तम आकडा. सायकलवर मिनिटाला ९० फेऱ्या हव्या असतील तर ९० चे गाणे, प्रत्येक ठोक्याला उजवा पाय खाली. बैठकांना ८० चे गाणे : दोन ठोक्यांत खाली, दोन ठोक्यांत वर, मिनिटाला २० बैठका. गुडघे कुरकुरत असतील तर तेवढ्याच गाण्यावर चार ठोक्यांत खाली जा, वर येताना दोनच.

---

पायवाट

दोघांचेही मनापासून आभार. आज मोजले : १६० पावले, आणि यादीतली ४० पैकी फक्त ९ गाणी बसली! दोन गोष्टी राहिल्या. आवाज किती ठेवावा, आणि शर्यतीत इयरफोन चालतात का?

---

कानोसा

जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा प्रौढांसाठी आठवड्याला ८० डेसिबल, ४० तास अशी आहे. दर ३ डेसिबलला वेळ निम्मा होतो : ८३ ला २० तास, ८६ ला १०, ८९ ला ५, ९२ ला अडीच. आयफोनच्या हेल्थ अ‍ॅपमध्ये इयरफोनची पातळी दिसते, ती आठवड्याला एकदा पाहा. जिमचे स्पीकर दणाणत असताना त्यावर आपले गाणे चढवणे हा सर्वांत वाईट प्रकार. तिथे कान नीट बंद करणारे रबरी टोक वापरा आणि आवाज उतरवा. व्यायामानंतर कानात शीळ वाजत असेल तर त्या दिवशी आवाज जास्तच झाला होता.

सिनेमाचे पार्श्वसंगीत ऐकत असाल तर आणखी एक काळजी. त्यात हळू आणि मोठ्या आवाजातला फरक गाण्यापेक्षा खूप जास्त असतो. बासरीच्या तुकड्याला आवाज वाढवला की पुढे पूर्ण वाद्यवृंद कानावर कोसळतो. आवाज मोठ्या भागावर ठरवायचा, हळू भाग ऐकू आला नाही तरी चालेल.

रस्त्यावर एकच कान, किंवा कान उघडे ठेवणारे हाडवाहक इयरफोन, आणि वाहनांच्या समोरून पळायचे. पाठीमागून येणारी ई-स्कूटर मोकळ्या कानालाही उशिरा कळते.

शर्यतीचे म्हणाल तर जागतिक अ‍ॅथलेटिक्सच्या नियमांत स्पर्धेच्या जागेत ऑडिओ साधन जवळ ठेवणे ही बाहेरची मदत धरतात, म्हणजे ते चालत नाही. हौशी गटाला बरेच आयोजक मोकळीक देतात, त्यामुळे नोंदणीपूर्वी नियमपत्रिका वाचा. परवानगी असली तरी आठवड्यातले एक पळणे बिनगाण्याचे ठेवा. वेग फक्त गाण्यावर बेतलेला असेल तर बॅटरी संपल्यावर सांभाळायला काही उरत नाही.

---

हलगीवाला

गाणी बेचव होण्याबद्दल कोणी लिहिले नाही, म्हणून हे.

यादीचे दोन भाग करा. रोजची २५ गाणी, त्यातली ५-६ दर पंधरवड्याला बदला. आणि राखीव ३ गाणी, जी एरवी गाडीत, स्वयंपाक करताना, कुठेही लावायची नाहीत. ती फक्त लांब पळण्याच्या शेवटच्या टप्प्याला आणि सर्वांत जड सेटला. बेचव झालेले गाणे पुसू नका, सहा आठवडे बाजूला ठेवा. बहुतेक गाणी ताजी होऊन परत येतात.

सिनेमापलीकडेही पाहा. लेझीम हा मुळात ठेक्यावरचाच व्यायाम आहे आणि कुस्तीच्या मैदानात हलगी पैलवानांना चेव आणण्यासाठीच कडाडते. हलगी जड सेटच्या आधी एक मिनिट लावून बघा, शब्द नसल्याने मन कुठे भरकटत नाही. ढोल-ताशा मात्र पळताना नको. त्याची लय चढत जाते आणि तुम्हीही तिच्याबरोबर चढता. वॉर्म-अपला तोच गुण कामाला येतो : आठ मिनिटांचा चढत्या लयीचा तुकडा घ्या, चालण्यापासून सुरुवात करा, शेवटाला हळू पळत असाल. टाळ-मृदंगाचे अभंग भराभर चालण्याला फार छान बसतात. मिनिटाला ११० ते १२० पावले पडतील असे निवडा.

सूर्यनमस्कारांना ६० चे संथ वाद्यसंगीत घ्या. प्रत्येक स्थितीला चार ठोके, म्हणजे चार सेकंद. बारा स्थितींचा एक नमस्कार ४८ सेकंदांत होतो, २५ नमस्कार बरोबर २० मिनिटांत. श्वास अपुरा पडू लागला तर ठेका सोडा, श्वासाने चला आणि पुढच्या नमस्काराला पुन्हा समेवर या. शब्दांची गाणी इथे टाळा. ओळ संपेपर्यंत थांबायचा मोह होतो आणि श्वास तिथेच अडतो.