उमरेडहून हिंगणा रोड: कॅपचा पसंतीक्रम कसा भरावा?

उमरेडची आई

मुलीची सीईटी झाली, पर्सेंटाइल बरा आहे. इंजिनिअरिंग, ओबीसी. कॅपच्या, म्हणजे सरकारी केंद्रीय प्रवेश प्रक्रियेच्या ऑप्शन फॉर्मवरून (कॉलेजांचा पसंतीक्रम) घरात रोज वाद होऊन राहिले. तिला लागण्याजोगी बहुतेक कॉलेजं हिंगणा रोडला, म्हणजे आम्ही नागपूर शहराच्या एका बाजूला अन् कॉलेज पार दुसऱ्या. बसने गणेशपेठ स्टँड, तिथून पायी कॉटन मार्केट, मेट्रो, सीताबर्डीला बदला, लोकमान्य नगरला उतरून शेअर ऑटो. सकाळी ती जाईल, त्याची चिंता नाही. चिंता परतीची. मागच्या आठवड्यात आम्ही दोघी मुद्दाम कॉलेज सुटायच्या वेळेला तिकडून निघून पाहिलं. संध्याकाळची बस आलीच नाही. चौकशीच्या खिडकीवर फक्त "येईल, येईल". बाकावर दोन मुली मांडीवर बॅगा घेऊन बसल्या होत्या; एकीचे बाबा तिला न्यायला गाडीवर निघाले होते, पन्नास किलोमीटर! अंधार पडला तरी ती पोरगी फोनवर "कुठे पोचलात" एवढंच विचारत होती. २०१९ पर्यंत नॅरोगेज रेल्वे तरी होती, ती ब्रॉडगेजसाठी बंद केली.

हॉस्टेलचं कॉलेजवाले म्हणतात, प्रवेश झाल्यावर पाहू. अन् राहायचं नक्की नसताना आम्ही पसंती कशी भरायची? एकजण म्हणाले, कॅप सोडा, उमरेड रोडच्याच कॉलेजात मॅनेजमेंट कोट्यातून घ्या. घ्यावं का?

भिवापूरवाली

काकू, कॅप सोडू नका. ८ जुलै २०२४ च्या जीआरप्रमाणे ओबीसी, एसईबीसी, ईडब्ल्यूएस मुलींना कुटुंबाचं उत्पन्न ८ लाखांच्या आत असेल तर शिक्षण अन् परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे, पण प्रवेश कॅपमधून झालेला पाहिजे. मॅनेजमेंटची जागा घेतली की पूर्ण फी तुमच्या माथी.

अप-डाउन मी केलं आहे. अभ्यास बसमध्ये होत नाही, घरी आल्यावर डोळे मिटतात. पहिल्या सेमिस्टरला झेपतं, नंतर प्रॅक्टिकल वाढले की उशीर रोजचाच. आणि बारावीपर्यंत मुलींना एसटीचा पास फुकट असतो, डिग्रीला तो नाही. विद्यार्थी सवलतीत एक तृतीयांश भाडं भरावं लागतं.

जुना कारकून

पसंतीक्रमाबद्दल एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा. पहिल्या फेरीत पहिल्या क्रमांकाचं कॉलेज मिळालं की ते आपोआप फ्रीझ होतं, म्हणजे तेच पक्कं, पुढच्या फेऱ्यांत जाता येत नाही. म्हणून पहिल्या जागी तेच टाका जिथे ती खरोखर राहू किंवा पोचू शकेल. नुसता कटऑफ पाहून टाकू नका.

आणि कागद! नॉन-क्रिमीलेअर प्रमाणपत्र पुढच्या वर्षीच्या ३१ मार्चपर्यंत वैध हवं. जात वैधता प्रमाणपत्र हातात नसेल तर अर्जाची पावती सुरुवातीला चालते, पण दिलेल्या मुदतीत मूळ प्रमाणपत्र दाखवलं नाही तर मुलगी खुल्या प्रवर्गात टाकली जाते, जागाही जाते. मी हे होताना पाहिलं आहे, मुलीच्या चुकीशिवाय, फक्त जात पडताळणी समितीकडे फाईल पडून राहिली म्हणून. फार वाईट वाटतं. उद्याच चौकशी करा.

वानाडोंगरीत राहतो

मला भिवापूरवालीचं अर्धंच पटतं. मेट्रोपर्यंतचा भाग चांगला आहे, गाडी वेळेवर असते. खरी अडचण लोकमान्य नगरच्या पुढे अन् गणेशपेठच्या पुढे. तेव्हा काकू, आठवडाभर इकडे हिंगणा रोडला वानाडोंगरीत राहून शनिवारी घरी, असं करा. इकडे मुलींच्या मेस अन् खोल्या आहेत. जूनमध्येच येऊन पाहा, कॅपची यादी लागल्यावर भाव चढतात. ओबीसींसाठी ज्ञानज्योती सावित्रीबाई फुले आधार योजनाही आहे, सरकारी वसतिगृहात जागा नाही मिळाली तर राहण्या-जेवणाचे पैसे खात्यात येतात. उत्पन्नाची अट आधी वाचून घ्या.

उमरेडची आई

सगळ्यांचे आभार. मॅनेजमेंटचा विचार सोडला. वैधतेची पावती आहे, प्रमाणपत्र अजून नाही, उद्या समितीच्या ऑफिसात जाते. वानाडोंगरीवाले भाऊ, रविवारी आम्ही दोघी खोल्या पाहायला आलो तर कोणत्या गल्लीपासून सुरुवात करू?