होस्टेलला नंबर नाही लागला, नागपुरात शिकू कसा?

प्रश्न: गडचिरोलीहून आलो, बीएस्सी फर्स्ट इयर. बाबा मजुरी करतात, सरकारी होस्टेलच्या यादीत नाव नाही, मित्राच्या खोलीत सतरंजीवर झोपून राहिलो अन् मेसचे पैसेही संपले. गावी परत जाऊ का?

उत्तर १: अजिबात नको जाऊ भाऊ! एससी किंवा नवबौद्ध असशील तर स्वाधार योजना आहे, होस्टेल न मिळालेल्यांसाठीच, नागपुरात वर्षाला ६०,००० रुपये. एसटी असशील तर तशीच मदत देणारी स्वयम् योजना बघ.

उत्तर २: आधी आधार बँक खात्याला लिंक कर. माझं तेच राहिलं होतं, पैसे अडकले, आईनं घरात खायला ठेवलेली तूर विकून परीक्षा फी भरली. उत्पन्नाचा दाखला तहसीलमधून आत्ताच काढ.

प्रश्नकर्ता: एसटी आहे दादा. उद्याच आदिवासी विकासच्या ऑफिसात जातो.

उत्तर २: भाड्याचा करारनामा पण लागेल, मित्राला सांगून ठेव.