'डबा हलतो एवढंच जास्त' म्हणणाऱ्या खानापूरकरांना उत्तर

टिळकवाडीचा योक:
काल खानापुरी वारा यांनी घरच्या कॉम्प्युटरवर विमान उडवायच्या सिम्युलेटरबद्दल लिहिलं, "चांगली स्टिक अन् ग्राफिक कार्ड असलं की झालं, एअरलाइनच्या सिम्युलेटरात डबा हलतो एवढंच जास्त, बाकी सगळं सेम." डोकं सटकलं म्हणून लिहितोय, लांबलं तर सोसा. डबा हलणं राहू द्या बाजूला, हाताला काय लागतं ते बघा की. घरच्या योकमध्ये (विमानाचं स्टिअरिंगच म्हणा) स्प्रिंग असते, ती विमान उभं असताना जेवढी ओढते तेवढीच २५० नॉटच्या वेगाला ओढते. खऱ्या बोइंग ७३७ मध्ये वेग वाढेल तसा कॉलम (योकचा दांडा) जड होतो, त्यासाठी वेगाप्रमाणे जोर ठरवणारा फील कॉम्प्युटर बसवलाय, आणि मोठ्या सिम्युलेटरात तोच जोर हाताला द्यायला कंट्रोल लोडिंगची यंत्रणा असते. ट्रिमचं, म्हणजे हातावरचा भार काढणाऱ्या व्यवस्थेचं, तर बोलूच नका. खऱ्यात कॉलम धरायचा, ट्रिम मारत मारत हातावरचा भार घालवायचा, मग सोडला तरी नाक तिथंच राहतं. घरी सोडला की स्प्रिंग आपली परत मध्यावर, मग हात ढिला करत करत अंदाजानं ट्रिम मारत बसा. उलटी सवय लागते हो.

खानापुरी वारा:
योकसाहेब, तुम्ही बोइंगवरच अडकलाय. एअरबसचं ए३२० घ्या की. त्याच्या साइडस्टिकला (योकऐवजी बाजूला असलेल्या दांडीला) खऱ्यातसुद्धा स्प्रिंगच आहे, हवेचा जोर हाताला येतच नाही, ट्रिम आपोआप होतं, थ्रस्ट लिव्हर (इंजिनाचे दांडे) क्लाइंबच्या खाचेत ठेवले की ऑटोथ्रस्ट, म्हणजे इंजिनाचा जोर आपोआप सांभाळणारी यंत्रणा, चालू असताना जागचे हलत नाहीत. मग थ्रस्टमास्टर कंपनीची घरची एअरबस स्टिक वापरणाऱ्यानं काय घोडं मारलंय?

टिळकवाडीचा योक:
बरं, एअरबसच्या स्टिकपुरतं मान्य. म्हणजे तुमच्या "सगळं सेम" मधलं पाव सेम. अभिनंदन.

उद्यमबाग फिटर:
"डबा हलतो एवढंच" म्हणे! सहा सिलिंडरवर काही टनांची केबिन नाचवायची म्हणजे काय खाऊ हाय काय मर्दा? आख्खं आमचं कारखान्यांचं उद्यमबाग पंप, व्हॉल्व्ह, सिलिंडरवर जगलंय, अन् आता जो उठतोय तो म्हणतोय इलेक्ट्रिक भारी. जुनी मोशनची सिम्युलेटरं तेलावरच चालायची, पायलटांच्या पिढ्या तयार झाल्या त्यावर.

सांबऱ्याचा पोरगा:
काका, पण तेल गळायचं, पंपाला वेगळी खोली लागायची, ती तापायची, वीज खायची. म्हणून तर नवीन घेणारे इलेक्ट्रिक घेतात.

उद्यमबाग फिटर:
सील बदलायचा कंटाळा करणाऱ्यांचं गळतंय! आमच्या एका गिऱ्हाइकानं हौसेनं हायड्रॉलिक (तेलावरचं) काढून सर्वो (इलेक्ट्रिक मोटर) बसवला, वळवाच्या पावसात लाईट खालीवर झाली अन् ड्राइव्ह जळाला, पार्ट यायला महिने लागले, शेवटी अडगळीतली जुनी तेलावरची प्रेस काढून चालू केली अन् ती पहिल्या झटक्यात चालली की. बोला आता.

टिळकवाडीचा योक:
मूळ मुद्दा योकचा होता काका, सीलचा नव्हे.

उद्यमबाग फिटर:
"डबा हलणं राहू द्या बाजूला" कोण म्हणालं? तुम्हीच नव्हं? मग मी बोलणारच.

खानापुरी वारा:
तेल का मोटर ते तुम्ही ठरवा, पण डबा हलून साधतं काय? टेकऑफला केबिन मागं कलते, पाठ सीटला दाबली जाते, समोर रनवे सपाट दिसतो म्हणून मेंदूला वाटतं वेग वाढतोय. मग कळणार नाही इतक्या हळू परत जागेवर. फसवणूकच की. वळणातला सलग जी-फोर्स (अंगावर येणारा दाब) तर तो देऊच शकत नाही. आणि २००१ चा अमेरिकन एअरलाइन्सच्या फ्लाइट ५८७ चा अपघात विसरलात? रडर (शेपटीवरचं सुकाणू) इकडून तिकडं दाबला अन् ए३०० ची उभी शेपटीच निखळली, २६५ माणसं गेली. अमेरिकेच्या अपघात तपास संस्थेनं, एनटीएसबीनं, वैमानिकाच्या रडर दाबण्यासोबत रडरच्या डिझाइनबरोबर एअरलाइनच्या ट्रेनिंगलाही जबाबदार धरलं, त्यात सिम्युलेटरवरचा धडा होता. हलणाऱ्या डब्यातच चुकीचं शिकवलं होतं!

टिळकवाडीचा योक:
शिकवणाऱ्यांनी चूक केली म्हणून तुमची स्टिक खरी ठरत नाही. कुठलं कुठं नेताय?

सांबऱ्याचा पोरगा:
मी घरी सिमवर वाढलेला, आता खरं फ्लाइंग शिकतोय. इन्स्ट्रक्टर सरांनी एकदा सगळी इन्स्ट्रुमेंट कागदानं झाकली, म्हणाले बाहेर बघ. माझी नजर परत परत आतच. पाय तर मेल्यासारखे, कारण घरी पेडल नव्हते, रडरला स्टिक पिरगाळायचो. आणि स्टॉलच्या (वेग पडून पंखांची उचल जाण्याच्या) आधी कंट्रोल कसे ढिले पडतात हे घरी कधी कळलंच नव्हतं. पण रेडिओ, चेकलिस्ट, आयएलएस (रेडिओच्या खुणांवर धावपट्टीला उतरायची पद्धत) यात बॅचच्या पुढं होतो, तेही खरं.

टिळकवाडीचा योक:
हेच म्हणतोय मी.

खानापुरी वारा:
नाही, हे मी म्हणतोय.

वडगावची वैनी:
आमच्याकडं योक, पेडल, थ्रॉटल सगळं जेवायच्या टेबलाला क्लॅम्प करून ठेवलंय, पाव्हणे आले की ताटं मांडीवर. त्यामुळं मला दोघांचाही राग येतो. आणि फिटरभाऊ, पहिला लिंक ट्रेनर, म्हणजे जुनं विमान-सिम्युलेटर, १९२९ चा, एडविन लिंकच्या वडिलांचा ऑर्गनचा कारखाना होता, तिथल्या भात्यांवर तो डुलायचा. डुलवायला हवाच, तुमचं तेल नव्हे.

उद्यमबाग फिटर:
वैनी, हवा म्हणजे न्यूमॅटिक. ते बी आमच्याच खात्यात येतंय. खानापूरकर, रविवारी शॉपवर या, तुमच्या त्या स्टिकला तेलाचा डँपर बसवून देतो.

खानापुरी वारा:
आणि कार्पेटवर गळलं तर?

उद्यमबाग फिटर:
परत गळण्यावर आलात? सील माझं, कार्पेट तुमचं.