मदत हवी आहे: दशावताराचं रेकॉर्डिंग बाबांच्या छोट्या कीपॅड फोनवर बघता येईल असं कसं कन्व्हर्ट करायचं?

नमस्कार मंडळी, जरा सविस्तर लिहितेय कारण अर्धवट माहिती दिली की उत्तरंपण अर्धवट येतात.

आम्ही मालवणजवळचे, बाबा ट्रॉलरवर तांडेल, म्हणजे बोटीवरचे प्रमुख आहेत. पावसाळ्याची मासेमारी बंदी ३१ जुलैला संपते आणि १ ऑगस्टपासून बोटी परत सुरू, त्यामुळे सध्या बाबा घरी आहेत, जाळ्यांची डागडुजी चाललीय, आणि मला हे काम त्याच्या आत करून द्यायचंय. एकदा बोट गेली की पाच-सहा दिवस समुद्रात, किनाऱ्यापासून थोडं आत गेलं की रेंज गायब, म्हणजे ऑनलाइन बघणं वगैरे विषयच नाही, जे काय असेल ते कार्डातच भरून द्यायला लागतं.

"टचचा फोन घ्या" हे कृपया सांगू नका, घरी एक आहे पण तो ते बोटीवर नेत नाहीत. ओल्या खारट हातांनी टच चालत नाही, खारं पाणी चार्जिंगच्या भोकात गेलं की फोन संपला, आणि बॅटरी रोज चार्ज करायला लागते. त्यांचं म्हणणं, "मोठो फोन बोटीर नको." मला ते पटतं, तेव्हा फोन हाच राहणार.

फोनची माहिती: साधा बटणवाला, स्क्रीन २.४ इंच, रिझोल्युशन २४०×३२०, मेमरी कार्ड ३२ जीबीपर्यंत घेतो. डब्यावर व्हिडिओपुढे थ्रीजीपी आणि एमपी४ एवढंच लिहिलंय. व्हिडिओ लावला की आडवा करून फुल स्क्रीन दाखवतो, म्हणजे ३२०×२४०.

आता व्हिडिओ. आमच्या गावच्या जत्रेत दहीकाल्याला झालेला पूर्ण रात्रीचा प्रयोग मी मंडळाच्या मालकांना विचारून माझ्या फोनवर स्टँड लावून रेकॉर्ड केला. १०८०पी, ३० एफपीएस (सेकंदाला ३० फ्रेम), फाईली प्रचंड मोठ्या. जत्रेच्या दिवसात बाबा नेमके समुद्रावर असतात, त्यामुळे गावची जत्रा वर्षानुवर्षं चुकते त्यांची. आणि दशावतारात संवाद लिहून पाठ केलेले नसतात हे तुम्हाला माहीतच आहे, कथानक ठरतं आणि नट उभ्या उभ्या बोलतात, त्या रात्री राजा आणि नारदाची जी जुंपली ती पुन्हा तशीच कुठेच बघायला मिळणार नाही. म्हणून मला हेच रेकॉर्डिंग हवंय, दुसरं कुठलं डाउनलोड करून चालणार नाही.

काय काय करून झालंय ते सांगते. मूळ फाईल कार्डात टाकली तर फोन म्हणतो फॉरमॅट सपोर्ट नाही. मोबाईलच्या एका कन्व्हर्टर ॲपने थ्रीजीपी केली, ती चालली पण चित्र १७६×१४४ आलं, तोंडं म्हणजे नुसते रंगाचे ठिपके, आणि आवाज पत्र्याच्या डब्यातून आल्यासारखा, झांज तर नुसती खरखर. दुसऱ्या ॲपने ३२०×२४० केलं तर सगळे नट उभे ताणलेले बारीक दिसायला लागले, मुकुट दीड पट उंच. शिवाय पंधरा-वीस मिनिटं झाली की आवाज पुढे आणि तोंड मागे.

सगळ्यात मोठी अडचण म्हणजे काळोख. रंगमंचावर लाईट आहे पण मागे रात्र, आणि आडदशावतारात, म्हणजे मुख्य कथेच्या आधीच्या भागात, संकासूर राक्षस येतो तो काळ्या कपड्यात. माझ्या फोनवर व्यवस्थित दिसतो, बाबांच्या फोनवर काहीच नाही. बाबा म्हणाले, "माका नुसतो काळोख दिसता, आवाज खंयसून येता?" म्हणजे उजेड वाढवूनच कन्व्हर्ट करायला हवं, पण कसं आणि किती?

घरी भावाचा जुना लॅपटॉप आहे, विंडोजचा. फुकटचं सॉफ्टवेअर असेल तर बरं. कुठला फॉरमॅट, किती साईज, किती बिटरेट, आवाजाचं काय सेटिंग, जरा बटणाबटणाने सांगा, मला एडिटिंगचा अनुभव नाही पण सांगितलंत की करते नीट.

प्रतिसाद:

ताई, मी रत्नागिरीकडचा, आमच्याकडे शिमग्यात नमन-खेळे होतात त्यांचं शूटिंग करून गावच्या वयस्कर लोकांच्या अशाच फोनांत भरून देतो, तर बऱ्यापैकी सांगू शकतो.

पहिलं हे की एमपी४ आणि थ्रीजीपी ही फक्त पेटी झाली, आत चित्र कुठल्या कोडेकने (म्हणजे चित्र दाबून साठवायच्या पद्धतीने) भरलंय त्यावर फोन चालवणार की नाही ते ठरतं. आजकालचे बरेच फोन जागा वाचवायला एच.२६५ मधे रेकॉर्ड करतात, कॅमेऱ्याच्या सेटिंगमधे एचईव्हीसी असं दिसेल, ते या बटणवाल्या फोनला झेपत नाही. त्यामुळे फाईलचं नाव बदलूनही काही होत नाही. तुमचं थ्रीजीपी एवढं बारीक आलं कारण त्या ॲपने आत एच.२६३ वापरला असणार, त्याच्या साईज ठरलेल्या असतात, १२८×९६, १७६×१४४, मग एकदम ३५२×२८८, मधलं ३२०×२४० त्यात बसतच नाही.

तुम्ही एमपी४ पेटी आणि आत एमपीईजी-४ कोडेक घ्या. एच.२६४ चांगला पण तो काही बटणवाल्या फोनांवर चालतो काहींवर अडखळतो, चालला तरी बेसलाइन प्रोफाइलच, म्हणजे त्याचा सगळ्यात साधा प्रकारच लागतो. एमपीईजी-४ सगळ्यात कमी त्रास देतो.

लॅपटॉपवर हँडब्रेक नावाचं व्हिडिओ कन्व्हर्ट करायचं सॉफ्टवेअर टाका, फुकट आहे. व्हिडिओच्या पानावर एन्कोडर एमपीईजी-४, फ्रेमरेट १५, आणि त्याच्या बाजूला कॉन्स्टंट निवडा, हे विसरू नका. मोबाईलचं रेकॉर्डिंग व्हेरिएबल फ्रेमरेटचं असतं, अंधारात फोन स्वतःच फ्रेम कमी करतो, आणि साधी ॲप्स ते समजून घेत नाहीत म्हणून आवाज आणि तोंड हळूहळू लांब जातं. दशावतारात पळापळ युद्धाच्या वेळीच, बाकी उभं राहून बोलणं, १५ पुरे. युद्ध फारच तुटक वाटलं तर २० करा.

आता ताणलेल्या मुकुटाचं. तुमचं रेकॉर्डिंग १६:९ आणि फोनचा पडदा ४:३, त्या ॲपने कडेने दाबून बसवलंय. दोन मार्ग आहेत. एक, पूर्ण रुंदी ठेवून ३२०×१८०, वर खाली काळी पट्टी येईल आणि माणसं अजून लहान. दुसरा, डायमेन्शन्सच्या पानावर क्रॉप हाताने भरा, डावीकडून २४० आणि उजवीकडून २४०, म्हणजे १९२० चे १४४० उरतात, १४४०×१०८० बरोबर ४:३, मग साईज ३२०×२४०. ॲनामॉर्फिक (चित्र दाबून साठवून दाखवताना ताणायची सोय) बंद करा, हे फोन ते वाचत नाहीत. माझं मत दुसऱ्याला. दशावतारात मधे ते एक बाकडं असतं, तेच सिंहासन तोच राजवाडा, सगळा खेळ त्याच्या आजूबाजूला होतो. कडेला बसलेले पेटीवाले आणि मृदंगवाले कापले जातील, याचं वाईट वाटतं, पण अडीच इंचात राजाच्या चेहऱ्यावरचा राग दिसायला हवा ना. गणपतीचं नमन आणि सुरुवातीच्या वादनाचा भाग वेगळा तोडून ३२०×१८० मधे करा, तिथे वादक दिसायलाच हवेत.

बिटरेट, म्हणजे सेकंदाला किती डेटा, तो ॲव्हरेज ३२० केबीपीएस, आवाज ६४, मिळून ३८४, म्हणजे तासाला साधारण १७३ एमबी. पाच तासाचा प्रयोग ९०० एमबीच्या आत. ३२ जीबीत असे तीसहून जास्त प्रयोग जातील, तेव्हा जागेची काळजी सोडा.

एकदम सगळं करू नका. हँडब्रेकमधे सेकंद टाकून तेवढाच तुकडा काढता येतो, संकासुराचं एक मिनिट काढा आणि बाबांच्याच फोनवर, शक्य तर दुपारच्या उजेडात बघा. बोटीवर ऊन असतं, घरात ट्यूबखाली चांगलं दिसतं ते तिथे दिसत नाही.

प्रतिसाद:

काळोखाचं आणि आवाजाचं मी सांगते. हँडब्रेकमधे उजेड वाढवायची सोय नाही, त्याच्या आधी शॉटकट हे एडिटिंगचं सॉफ्टवेअर वापरा, तेही फुकट. फाईल आत घेतलीत की ते विचारेल की व्हेरिएबल फ्रेमरेट आहे, बदलून देऊ का, हो म्हणा. मग कलर ग्रेडिंग नावाचा फिल्टर लावून मधल्या छटा वर घ्या. नुसता ब्राइटनेस वाढवलात तर राजाचं गोरं रंगवलेलं तोंड आणि चमकीचे दागिने पांढरेफटक होतात आणि काळोख राखाडी होतो, मधल्या छटा उचलल्या की काळा कपडा मागच्या रात्रीपासून सुटा दिसतो.

आवाजाबद्दल मात्र चित्रापेक्षा जास्त काळजी घ्या असं मी म्हणेन. संवाद कळला तर माणूस चित्र अर्धं दिसलं तरी पूर्ण रात्र बघतो. तुमच्या थ्रीजीपीत आवाज एएमआर असणार, तो फोनवरच्या बोलण्यासाठी बनवलेला, सेकंदाला ८००० सॅम्पल, म्हणजे ४ किलोहर्ट्झच्या वरचं सगळं जातं, आणि झांजेचा बराचसा झणकार त्याच्या वरच असतो. आवाजाचा कोडेक एएसी घ्या, ६४ केबीपीएस, मोनो, कारण फोनला स्पीकर एकच. एएसीचे प्रकार दिसले तर साधा एलसी, एचई नको, जुन्या फोनांना तो नीट वाचता येत नाही.

शॉटकटमधेच आवाजाला हाय पास फिल्टर लावून अगदी खालचा घुमारा काढून टाका, त्या एवढ्याशा स्पीकरमधून मृदंगाचा खर्ज वाजणार नाहीच, उलट तो फाटतो आणि शब्द खातो. मग कॉम्प्रेसर, म्हणजे राजा ओरडला की कान फुटतोय आणि राणी हळू बोलली की ऐकूच येत नाही हे कमी होतं. इंजिनाच्या आवाजात याचा खूप फरक पडेल.

धागाकर्ती:

दोघांचेही मनापासून आभार, इतकं नीट कोणी सांगेल असं वाटलं नव्हतं. संकासुराचा तुकडा करून बघितला. एमपीईजी-४ पहिल्या झटक्यात चालला, चित्र ताणलेलं नाही, आवाज तोंडाबरोबर. पडवीत बसून बाबांनी बघितला, "आता कसो दिसता बघ" म्हणून आईला बोलवून दाखवला. १५ फ्रेम त्यांना चालतायत, युद्धाचा भाग २० ने करणार आहे.

एकच राहिलंय. फोनचा प्लेअर बंद केला की परत सुरवातीपासून लावतो, आणि पुढे ढकलायला गेलं की लटकतो. पाच तासाची फाईल अशी कशी बघणार ते? आणि नावं मराठीत दिली होती तर नुसते चौकोन दिसतायत.

प्रतिसाद:

वीस-वीस मिनिटांचे तुकडे करा, एका तुकड्याची फाईल ५८ एमबीच्या आसपास येईल, पुढे ढकलायची गरजच पडणार नाही. पण घड्याळ बघून तोडू नका, गाणं संपलं किंवा नट आत गेला तिथे तोडा, मग तुकडा अठराचा झाला काय नि चोवीसचा झाला काय. नावात फक्त आकडे, ०१, ०२ असे, पुढे शून्य लावून, आणि तेही इंग्रजी आकडे, नाहीतर पुन्हा चौकोन. शून्य नाही लावलंत तर हे फोन १ नंतर १० लावतात. प्रत्येक प्रयोगाला वेगळा फोल्डर. काही फोन नावाप्रमाणे न लावता कॉपी झालेल्या क्रमाने दाखवतात, म्हणून कार्ड आधी रिकामं करून एकेक फाईल क्रमाने टाका. आणि अजून एक कार्ड घेऊन त्यात हेच सगळं भरून बाबांकडे सुकं प्लास्टिकच्या पिशवीत देऊन ठेवा, बोटीवर कार्ड खराब झालं तर परत येईपर्यंत दुसरं मिळत नाही.