जुन्या वस्तीत मुलांना वाढवावे का?

प्रश्न : शहराच्या जुन्या, वारसा म्हणून जपलेल्या भागातील एक घर आम्हा दोघांना फार आवडले आहे. शाळा, वाचनालय आणि बाग पायी अंतरावर आहेत. मात्र मुलगी अवघी २ वर्षांची असल्याने निर्णय होत नाही. अनुभवी मंडळींनी कृपया सल्ला द्यावा.

उत्तर १ : आमची दोन्ही मुले अशाच वस्तीत वाढली. दारे थेट गल्लीत उघडत असल्याने येणाऱ्याजाणाऱ्यांचे मुलांवर आपसूक लक्ष असे. हे सुख उंच इमारतीत क्वचितच लाभते. गाडी लावण्याची पंचाईत मात्र रोजची.

उत्तर २ : आधी रंग तपासून घ्या. जुन्या तैलरंगांत बहुधा शिसे असे. खिडकी उघडता-मिटताना घासून पडणारी त्याची भुकटी लहान मुलांच्या हातांवाटे पोटात जाते आणि ६ वर्षांखालील मुलांना तिचा धोका सर्वाधिक असतो. तो रंग कोरडा घासून काढू नये. चुन्याच्या भिंतीवर नंतर सिमेंटचा गिलावा केलेला असेल, तर ओल आतच कोंडते, हेही पाहावे.

प्रश्नकर्ती : खिडकीच्या चौकटीवर रंगाचे पापुद्रे खरोखरच सुटलेले आहेत. तपासणी होईपर्यंत इसार देणार नाही.