शब्दचर्चा : ‘मायक्रोॲब्सेस’ला गळू म्हणावं का?

प्रश्न (देवगड) : बाबांच्या कोपरावरच्या चट्ट्याची बायोप्सी झाली. रिपोर्टात ‘पॅराकेरॅटोसिस, ॲकँथोसिस, मन्रो मायक्रोॲब्सेस, स्पॉन्जिओसिस नाही, पीएएस निगेटिव्ह’ आणि खाली निदान सोरायसिस असं आहे. बाबांनी त्यातला ‘ॲब्सेस’ तेवढा उचलला. आत पू झालाय म्हणून हळदीचं पोटीस बांधून बसलेत. वाडीत तर केव्हापासून ‘नायटो’च म्हणतात. मराठीत नीट कसं सांगू?

उत्तर : गळू नकोच. गळू म्हटलं की ठणका, पू आणि जंतू आले. इथे त्वचेच्या अगदी वरच्या, मेलेल्या थरात न्यूट्रोफिल या पांढऱ्या पेशींचे बारीक पुंजके जमतात, तेही जंतूंशिवाय. डोळ्यांना दिसायचे नाहीत. मन्रो हे ऑस्ट्रेलियातल्या डॉक्टरांचं आडनाव. मी ‘पांढऱ्या पेशींचा सूक्ष्म पुंजका’ म्हणेन. लांबलचक आहे खरं, पण बाबा पोटीस तरी सोडतील.

पॅराकेरॅटोसिस म्हणजे वरच्या थरात केंद्रकं उरणं. एरवी पेशी तळातून वर यायला सुमारे ४ आठवडे घेते आणि वाटेत केंद्रक गमावते. सोरायसिसमध्ये ती ३ ते ५ दिवसांतच वर येते, पिकायला सवडच नाही. म्हणून स्लाइडवर गुलाबी पापुद्र्यात उरलेल्या केंद्रकांचे चपटे निळे-जांभळे ठिपके दिसतात. ॲकँथोसिस म्हणजे बाह्यत्वचा जाड होणं. तिची खाली उतरणारी टोकं फणीच्या दातांसारखी लांब आणि एकसारखी होतात.

दुसरं उत्तर : सोरायसिसला ‘विचर्चिका’ लिहितात ते मला पटत नाही. चरकसंहितेतली विचर्चिका खाजरी आणि भरपूर स्रवणारी आहे, म्हणजे आपल्या ओल्या इसबाच्या जवळची. इसबात पेशींच्या मध्ये पाणी साचून त्या एकमेकींपासून फाकतात, तेच स्पॉन्जिओसिस. तुमच्या रिपोर्टात ते ‘नाही’ म्हटलंय. तेव्हा सोरायसिसला सोरायसिसच म्हणा.

पहिले उत्तरकर्ते : मान्य. आणि नायट्याचं राहिलंच. नायटा बुरशीचा. बुरशीतही वरच्या थरात न्यूट्रोफिल जमू शकतात, म्हणून पीएएस हा वेगळा रंग देऊन ती शोधतात. निगेटिव्ह म्हणजे त्यात दिसली नाही. सोरायसिस लागट नाही, हे वाडीत जरा मोठ्यानेच सांगा.

प्रश्नकर्ती : सांगते. आई मुठेल (आमच्याकडचं घरी काढलेलं तेल) लावू का विचारतेय.

पहिले उत्तरकर्ते : खपली मऊ पडायला हरकत नसावी, पण तुमच्या डॉक्टरांना विचारून, आणि त्यांनी दिलेलं मलम बंद न करता. खपली नखाने मात्र काढू देऊ नका. तिथे केशवाहिन्या अगदी वर आलेल्या असतात, लगेच रक्ताचे थेंब येतात.