बेबी हिंदुस्तानचे पुढचे ब्रेक ड्रम: लेथवर घासून घ्यावेत की नवे बसवावेत?

वाईकर१९५२
नमस्कार. माझ्याकडे १९५२ सालची बेबी हिंदुस्तान, म्हणजे हिंदुस्तान मोटर्सच्या नावाने आपल्याकडे विकली गेलेली मॉरिस मायनर, वडिलांच्या काळापासून आहे. ९१८ सीसीचे मूळ इंजिन आणि चारही चाकांचे ७ इंची ड्रम अजून तसेच आहेत. गेल्या महिन्यात पाचगणीहून पसरणी घाट उतरताना ब्रेक दाबला की पेडल पायाखाली धडधडू लागले आणि गाडी डावीकडे ओढू लागली. घरी येऊन पुढचे ड्रम उतरवले आणि व्हर्नियरने मोजले. मूळ आतला व्यास १७७.८ मिलिमीटर असायला हवा, उजवा १७८.५ भरला, तर डावा सर्वांत रुंद जागी १७९.६ भरला आणि त्याला काटकोनात मोजल्यास तीन दशांश मिलिमीटरने कमी. आमचे मेकॅनिक म्हणतात की लेथवर फिरवून घेतले की काम भागेल. जाणकारांचे मत हवे आहे, आणि नवे घ्यायचे असल्यास कोठून घ्यावेत हेही कृपया सांगावे.

तेलकट_हात
डावा ड्रम लेथवर चढवू नका. अशा लहान जुन्या ड्रमांच्या बाबतीत मूळ व्यासापेक्षा साधारण दीड मिलिमीटरपर्यंतची वाढ चालवून घेण्याचा प्रघात आहे, आणि तुमचा डावा ड्रम ती मर्यादा आताच ओलांडून गेला आहे. लंबगोलपणा काढायचा तर त्याला आणखी घासावे लागेल, भिंत पातळ होईल, आणि पातळ बिडाचा ड्रम घाटात तापला की पुन्हा आकार सोडतो. शिवाय व्यास वाढला की मूळ गोलाईचे शू (ड्रमला आतून दाबणारे चंद्रकोरी भाग) फक्त मध्यभागी टेकतात, त्यामुळे नवे लायनर (शूवरचे अस्तर) चढवूनही पेडल खोल जाते आणि दोष लायनरच्या माथी मारला जातो.

एका बाजूला नवा आणि दुसऱ्या बाजूला जुना, असेही करू नये. ड्रम नेहमी जोडीने बदलावेत, आणि शूसुद्धा दोन्ही बाजूंना एकाच मालाचे असावेत.

घाटवाट
वरील सल्ला योग्य आहे, पण माझ्या मते प्रश्नच मूळ कारणाच्या अलीकडे थांबतो. दोन्ही ड्रम एकाच गाडीत, एकाच रस्त्यावर, एकाच चालकाच्या पायाखाली झिजले असताना डावा उजव्यापेक्षा दुपटीहून अधिक झिजावा, याला काहीतरी कारण असले पाहिजे, आणि ते न शोधता नवे ड्रम बसवले तर दोन पावसाळ्यांत तुम्ही याच धाग्यावर परत याल.

सपाट रस्त्यावर शक्य तितका कमी ब्रेक वापरून पाच-सहा किलोमीटर गाडी चालवा आणि थांबल्यावर दोन्ही चाकांच्या मध्यभागी हात जवळ नेऊन पाहा. डावे चाक स्पष्टपणे गरम असेल तर ब्रेक सुटत नाही आहे. मग गाडी जॅकवर घ्या, पेडल दाबून सोडा आणि चाक हाताने फिरवा. अडकत असेल तर त्या चाकाचा ब्लीडिंग निपल (ब्रेक ऑइल बाहेर सोडण्याचा छोटा स्क्रू) किंचित सैल करा. ब्रेक ऑइल चिळकांडीसारखे उडून चाक मोकळे झाले तर दाब मागे अडकला आहे, म्हणजे चाकापर्यंत ऑइल नेणारा रबरी होज (नळी) आतून फुगून बंद झाला आहे; बाहेरून तो अगदी नव्यासारखा दिसतो, हीच त्याची लबाडी. निपल उघडूनही चाक मोकळे झाले नाही, तर चाकातल्या, शू बाहेर ढकलणाऱ्या व्हील सिलिंडरचा पिस्टन गंजून अडकला आहे किंवा शू आणि ड्रममधले अंतर ठरवणारा अॅडजस्टर जास्त आवळला गेला आहे. दोन्ही चाके अडकत असतील तर मात्र पेडलचा दाब सर्व चाकांकडे पोचवणाऱ्या मास्टर सिलिंडरकडे वळावे लागेल.

या गाडीच्या पुढच्या चाकात दोन सिलिंडर आणि दोन्ही शू लीडिंग आहेत, म्हणजे पुढे जाताना ड्रमच शूंना स्वतःकडे ओढून घेतो. म्हणूनच सर्वो (पायाचा जोर वाढवणारे साधन) नसतानाही ती बरी थांबते, आणि म्हणूनच ड्रमचा थोडासा दोषही पेडलवर लगेच जाणवतो. उलट्या दिशेला हा फायदा मिळत नाही, त्यामुळे चढावर थांबताना हँडब्रेक उत्तम स्थितीत असू द्या.

लेस्टरवासी
मी इंग्लंडमध्ये राहतो आणि माझ्याकडे एक मायनर आहे. येथे या गाडीचे जवळजवळ सर्वच सुटे भाग अजून नव्याने मिळतात, ड्रमही मिळतात. मात्र मागणी नोंदवताना '७ इंची पुढचे' असे स्पष्ट लिहा, कारण १९६२ पासून १०९८ सीसीच्या गाड्यांना पुढे ८ इंची ड्रम आले आणि ते तुमच्या शूंवर बसणार नाहीत. टपाल आणि सीमाशुल्क धरले तर जड लोखंड मागवणे महागात पडते, म्हणून येथून येणाऱ्या नातेवाइकाच्या सामानातून आणवणे हा आपल्या लोकांचा जुना मार्ग अजूनही उत्तम आहे.

नवा ड्रम म्हणजे निर्दोष ड्रम, असे समजू नका. त्यावरचे गंजरोधक तेल आधी पूर्ण पुसा, आणि हबची ड्रम टेकते ती बाजू तारेच्या ब्रशने चकचकीत करा. तेथे गंजाची पापडी राहिली तर नवा ड्रमसुद्धा वाकडा फिरतो. ड्रम धरून ठेवणारे दोन स्क्रू हलत नसतील तर इम्पॅक्ट ड्रायव्हर (ठोका मारला की स्क्रू फिरवणारे हत्यार) वापरा. ड्रम अडला तर अॅडजस्टर सैल करून लाकडी मोगरीने चहूबाजूंनी हलके ठोका. हातोडीने कडेवर मारल्यास बिडाचा टवका उडतो. आतली धूळ हवेने उडवू नये, कारण जुन्या लायनरमध्ये अॅस्बेस्टॉस असू शकते. ओल्या फडक्याने पुसावी.

वाईकर१९५२
आपण सांगितल्याप्रमाणे तपासणी केली. डावे चाक हात लावता येणार नाही इतके तापले होते, आणि निपल सैल करताच ऑइल उडून चाक मोकळे झाले. होज शेवटचा कधी बदलला याची वडिलांच्या वहीत नोंदही नाही. आता दोन्ही बाजूंचे होज, सिलिंडरचे रबर किट, शू आणि ड्रमची जोडी, असे सर्व एकदमच करणार आहे. भाची दिवाळीत लंडनहून येते आहे, तिला यादी पाठवली. उजवा ड्रम टाकून द्यावा काय?

तेलकट_हात
टाकू नका. तो अजून मर्यादेत आहे, तेल लावून कागदात गुंडाळून ठेवा. होज मात्र भाची येईपर्यंत न थांबता बदला, आणि तोपर्यंत गाडी घाटात नेऊ नका.